कटक आणि दुर्ग : देवगिरीच्या अवशेषांचे वाचन

मराठीतील दुर्गवर्णनाचा रूपबंध गेल्या शतकभरात इतका स्थिरावला आहे, की त्याचे घटक कोणत्याही सरावलेल्या वाचकाला क्रमाने सांगता यावेत. पहाटे निघणे, पायथ्याचे गाव आणि तिथला वाटाड्या, चढणीची दमछाक, पहिला दरवाजा, माथ्यावरची जोती आणि टाकी, एखाद्या बुरुजावर बसून केलेले इतिहासाचे स्मरण, वर्तमानाविषयीची खंत, आणि उतरताना मागे वळून पाहणे. या रूपबंधात चढण ही निव्वळ शारीरिक क्रिया राहत नाही. वर्तमान पायथ्याशी आणि भूतकाळ माथ्यावर अशी मांडणी करून चढणाऱ्याच्या प्रत्येक पावलाला कालप्रवासाचा अर्थ दिला जातो. गो. नी. दांडेकरांच्या दुर्गविषयक लेखनाने या रूपबंधाला त्याची सर्वांत समर्थ भाषा दिली, आणि रायगड हे त्याचे उत्कर्षस्थान ठरले. रायगडावर समाधी आहे. चढणाऱ्याच्या वाटेला तिथे जसा शेवट आहे, तसा निवेदनालाही आहे.

देवगिरीपाशी मात्र हा रूपबंध अडखळतो. वास्तविक मराठी वाङ्मयाच्या इतिहासाशी या डोंगराचे नाते दुसऱ्या कोणत्याही किल्ल्याहून जुने आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाचव्या भिल्लमाने येथे यादवांची राजधानी वसवली, आणि मराठीतले आद्य गद्य याच राजधानीच्या सावलीत, बरेचसे तिच्याशी फटकून, लिहिले गेले. पुढे खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि हैदराबादचा निजाम अशा सत्ता येथून गेल्या. इतक्या संहिता ज्याच्याभोवती लिहिल्या गेल्या असा दुसरा किल्ला महाराष्ट्रात दाखवणे अवघड आहे. तरीही दुर्गवाङ्मयात त्याची जागा दुय्यम राहिली. बहुतेक लेखनात तो १२९६ या एका सालापुरता येतो : अल्लाउद्दीनाची चाल, रामचंद्रदेवाची शरणागती, आणि मग थेट शिवकाल. मधली साडेतीनशे वर्षे म्हणजे जणू दोन प्रकरणांमधले कोरे पान. २०२५ साली मराठा सत्तेच्या लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या यादीच्या व्याख्येतच देवगिरी बसत नव्हता, आणि त्यात अन्याय काही नाही. परंतु 'किल्ला' या शब्दाचा मराठी मनातला अर्थ त्या व्याख्येपेक्षा फारसा वेगळा नाही, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाने नोंदवायला हवी. अडचण देवगिरीच्या इतिहासात आहे, की किल्ला वाचण्याच्या मराठी रीतीत, असा हा प्रश्न आहे.

प्रथम त्या वास्तूचीच निवेदनरीती पाहावी. देवगिरीला येणारा प्रवासी अंबरकोट, महाकोट, काळाकोट अशा तटांच्या मालिकेतून आत जातो. महाकोटाच्या दरवाजांतून वाट मुद्दाम वळवलेली आहे; येणाऱ्याला पुढचे दिसू नये, हा त्यामागचा युद्धशास्त्रीय हेतू. मग सरळ रस्ता, उजव्या हाताला पंधराव्या शतकातला चांदमिनार, पुढे चिनी महाल, जेथे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशाह १६८७ नंतर कैदेत होता, मग मेंढा तोफ, मग खंदक. खंदकापलीकडे डोंगराचा कडा उभा तासून काढला आहे, आणि वर जाण्याचा मार्ग त्या खडकाच्या पोटातून, 'अंधारी'तून जातो. अंधारी संपते तेथे लोखंडी झाकण घालून वर जाळ करण्याची सोय होती. शिरलेला शत्रू धुराने गुदमरावा म्हणून. त्यानंतर उजेड, पायऱ्या, शहाजहानच्या काळातील बारादरी, आणि अगदी वर तोफ ठेवलेला बुरूज. उत्कंठा, विलंब, अंधार आणि प्रकटीकरण असा हा क्रम पाहिला, की कथेची रचना म्हणूनही तो निर्दोष वाटतो. गिरीश कार्नाडांनी 'तुघलक' या मूळ कन्नड नाटकाच्या (१९६४) उत्तरार्धात रात्रीच्या पहाऱ्यावरील माणसांच्या तोंडून या भुयाराचे वर्णन करवले आहे, आणि मराठी प्रेक्षकाला ते तेंडुलकरांच्या अनुवादातून परिचित आहे. नाटककाराने ती वाट राजाच्या मनाची प्रतिमा म्हणून वापरली. त्यासाठी त्याला वेगळी रचना करावी लागली नाही. ती खडकातच खोदलेली होती.

या वाटेवरून जाणाऱ्याचे लक्ष उजव्या-डाव्या हाताला फारसे जात नाही. महाकोटाच्या आत रस्त्याच्या बाजूंनी उत्खननात उघड्या पडलेल्या बुटक्या भिंती आहेत. घरांच्या, दुकानांच्या, गल्ल्यांच्या. डोंगरांतून पाणी आणणाऱ्या मातीच्या नळांचे अवशेष आहेत, विहिरी आहेत, हत्ती हौद आहे. अंबरकोटाच्या आत तर शेती चालू आहे आणि गावही नांदते आहे. माणसे राहत होती ती येथे. वर राहत होती ती शिबंदी, आणि प्रसंगी राजा. मिशेल द सर्तो याने १९८० साली लिहिलेल्या प्रसिद्ध विवेचनात उंच इमारतीवरून शहर पाहणारा आणि शहरातून चालणारा अशा दोन भूमिकांत भेद केला. वरून पाहणाऱ्याला शहर वाचता येते, पण ते वाचन चालणाऱ्यांना वगळून झालेले असते, असा त्याचा आशय आहे. देवगिरीला हा भेद शब्दशः लागू पडतो, कारण येथे दोन्ही भूमिकांना स्वतंत्र नावे होती. एकीचे नाव दुर्ग, दुसरीचे कटक.

महानुभाव गद्यात देवगिरीचा उल्लेख बहुधा 'कटक' असा येतो. संस्कृतात या शब्दाला मनगटातले कडे, डोंगराची कड, सैन्याचा तळ आणि राजधानी असे अर्थ आहेत. म्हणजे वेढणारे जे जे ते कटक. महानुभाव लेखक हा शब्द वापरतात तेव्हा त्यांच्या नजरेसमोर डोंगर नसतो, डोंगराभोवतीची माणसांची दाटी असते. विशेष म्हणजे हाच शब्द १३४२च्या सुमारास येथे आलेल्या इब्न बतूताच्या प्रवासवृत्तातही सापडतो. तो या नगराचे तीन भाग सांगतो : दौलताबाद हे सुलतानाचे शहर, कटक हे दुसरे, आणि दुवैगीर हा बालेकिल्ला. नव्या राजधानीला पंधरा वर्षे झाली होती, यादवांना जाऊन पाव शतक उलटले होते, तरी एका मोरोक्कोच्या प्रवाशाच्या कानावर तिन्ही नावे एकाच वेळी पडत होती. विजेत्याने दिलेले नाव जुन्या नावाच्या जागी आले नाही. ते त्याच्या शेजारी येऊन बसले. नामांतराने इतिहासाचे पान उलटते, असे मानणाऱ्या सर्वांनी, मग ते कोणत्याही शतकातले असोत, हा तपशील ध्यानात घ्यावा असा आहे.

इब्न बतूताच्या वर्णनात बालेकिल्ल्याला तुरुंगाची आणि उंदरांची काहीशी भयप्रद कथा मिळते; शहराला मात्र द्राक्षे, डाळिंबे आणि गाणाऱ्यांचा बाजार मिळतो. त्या बाजारातील दुकानांना मागे मालकाच्या घरात उघडणारे दार होते, मध्यभागी सजवलेला घुमट होता, आणि दर गुरुवारी तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर गायकांचा प्रमुख तेथे येऊन बसत असे, असे तो सांगतो. प्रवासवृत्त लेखनिकाला सांगून, स्वदेशी परतल्यावर तयार झाले आहे. त्यात अतिशयोक्ती आणि स्मृतीची सरमिसळ असणारच. परंतु बाजारात घरात उघडणारे दार असते हे ज्याला आठवते, त्याने ते शहर पायी पाहिले आहे. आज त्या बाजाराची जागा निश्चितपणे दाखवता येत नाही, आणि दुर्गवर्णनाच्या रूढ रूपबंधात तिला शोधण्याचे कारणही उरत नाही. कारण ती माथ्याच्या वाटेवर नाही.

ओसाडीची कथा मात्र दुसऱ्या एका संहितेने लिहिली आणि तीच रूढ झाली. इसामीचे 'फुतूह-उस-सलातीन' हे फारसी महाकाव्य १३५० साली दख्खनमध्ये पूर्ण झाले. १३२७च्या स्थलांतरात इसामीच्या कुटुंबाला दिल्ली सोडावी लागली, आणि नव्वदीचे आजोबा पहिल्याच मुक्कामी वारले. या वैयक्तिक जखमेतून त्याने मुहंमद तुघलकाविरुद्धचा आपला अभियोग उभा केला, आणि तो नव्याने स्थापन झालेल्या बहमनी राज्याच्या पहिल्या सुलतानाला अर्पण केला. दुःख खरे होते, आणि ते नव्या आश्रयदात्याच्या उपयोगाचेही होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे दरबारी वाङ्मयाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. बरनीनेही आपल्या इतिहासात दिल्ली ओस पडल्याचे चित्र रंगवले. या दोन ग्रंथांपासून आजच्या शालेय पाठापर्यंत आणि कार्नाडांच्या नाटकापर्यंत एक अखंड धागा आहे. या धाग्यात दिल्ली ही रिकामी होणारी जागा आहे आणि देवगिरी ही भरली जाणारी. भरली जाणारी जागा आधी रिकामी असावी लागते. कथेच्या या तर्कामुळे १३२७च्या आधीचे देवगिरी आपोआप निर्मनुष्य ठरते. ज्या कटकात महानुभावांचे साधक भिक्षेला हिंडत, तेथील विणकर, तेली, कुंभार, ब्राह्मण, गुरव यांना या कथेत उभे राहायला पाऊलभर जागा उरत नाही. मुहंमद तुघलकाचा वेडेपणा हा विषय इतका आकर्षक आहे, की त्याच्या वेडेपणाला विरोध करणाऱ्या लेखकांनीही त्याचीच नजर स्वीकारली : नकाशावर बोट ठेवावे आणि तेथे काही नाही असे समजावे.

याच शतकात मराठीत एक संहिता सिद्ध झाली, जिला आजवर वाङ्मयीन समीक्षेने जवळपास हात लावलेला नाही. मुनिव्यास कोठी यांच्या नावावर असलेली 'स्थानपोथी' ही भाषाभ्यासकांनी आणि स्थलनामांच्या संशोधकांनी वापरली, वि. भि. कोलते यांनी तिचे संपादन केले. परंतु लेखनप्रकार म्हणून तिचा विचार क्वचितच झाला. चक्रधर स्वामी ज्या ज्या गावी गेले, तेथे ते कोठे उतरले, कोठे बसले, कोठे फिरले, याची ही नोंदवही आहे. अवस्थान, वसती, आसन, विहरण अशा तिच्या कोटी आहेत. परिश्रय म्हणजे देहधर्माची जागा हीदेखील त्यांतली एक कोटी आहे. देवळाचे दार कोणत्या दिशेला, आवारात आणखी कोणती देवळे, मढ कोठे, झाड कोठे, नदी कोणत्या बाजूला, एवढेच ती सांगते. विशेषणे जवळपास नाहीत. इतिहास नाही. विलाप तर मुळीच नाही.

आणि हे लेखन कोणत्या काळात झाले? यादवांची सत्ता १३१८ साली हरपालदेवाच्या वधाने संपली होती. अनेक देवळे पडली होती, अनेकांची पुनर्बांधणी वेगळ्या रूपात झाली होती. चक्रधरांना प्रत्यक्ष पाहिलेली पिढी मागे पडली होती. ज्याला आधुनिक वाचक अवशेषांचा प्रदेश म्हणेल, त्याच प्रदेशातून स्थानपोथीकार चालत होता. रोमँटिक परंपरेने अवशेषांपुढे उभे राहण्याची जी मुद्रा शिकवली, म्हणजे भग्नतेत वैभवाची आठवण काढायची आणि त्या आठवणीत आपल्या नश्वरतेचे दुःख मिसळायचे, तिचा येथे मागमूस नाही. याचे कारण संप्रदायाच्या तत्त्वज्ञानात शोधता येते. महानुभावांच्या लेखी स्थान पवित्र होते ते ईश्वरावताराच्या संबंधाने. देऊळ कितीही मोठे असो, त्यातल्या देवतेशी साधकाला कर्तव्य नाही. स्वामी ज्या ओवरीत टेकले तेवढी ओवरी त्याची. वास्तू पडली तरी संबंध पडत नाही. म्हणून जेथे भिंत उरली नाही तेथे ओटा बांधावा, आणि ओट्याला नमस्कार करून पुढे जावे. पडझड ही या दृष्टीने शोकाची घटना नसून मोजमापाची अडचण आहे : दार पूर्वेला होते हे ठाऊक असले, की दार नसतानाही कोठे बसायचे ते कळते.

या लेखनरीतीचे वाङ्मयीन मोल तिच्या क्रियापदांत आहे. दुर्गवर्णनात क्रियापदे राजाची असतात : बांधला, जिंकला, दिला, हरला. स्थानपोथीत बसणे, निजणे, जेवणे, फिरणे ही क्रियापदे असतात. ज्या क्रिया अवशेष मागे ठेवत नाहीत, त्यांच्याच आधारे ही पोथी अवकाशाची रचना करते. पुरातत्त्वाला जे कधीही सापडणार नाही, ते नोंदवण्यासाठीच ती लिहिली गेली आहे. देवगिरीच्या चिनी महालासमोर उभा असलेला प्रवासी कुतुबशहाच्या कैदेचे साल वाचतो. बारा-तेरा वर्षे तो माणूस कोणत्या खिडकीशी बसत असेल, हा प्रश्न त्याला सुचत नाही, कारण त्याच्या लेखनपरंपरेत 'आसन' ही कोटीच नाही.

तथापि स्थानपोथीला देशी परंपरेतला हरवलेला खजिना म्हणून डोक्यावर घेणेही घाईचे होईल. गेल्या काही दशकांत मराठी समीक्षेला अशा खजिन्यांची चटक लागली आहे. पाश्चात्त्य कोटी नाकारायची आणि तिच्या जागी एखादी मध्ययुगीन कोटी बसवून तिचा जयजयकार करायचा, की विचार संपतो. स्थानपोथीची नजरही निवडक आहे, आणि क्रूर वाटावी इतकी निवडक आहे. एखाद्याचे घर तिच्यात येते ते स्वामी तेथे टेकले म्हणून. शेजारचे घर येत नाही. गावातले हजारो व्यवहार तिला दिसत नाहीत. राजाच्या नोंदवहीतून ज्यांची नावे गळतात, ती संतांच्या नोंदवहीत आपोआप येतात, असा समज भाबडा आहे. फरक इतकाच, आणि तो महत्त्वाचा आहे, की स्थानपोथी आपण काय वगळतो हे लपवत नाही. आपण चक्रधरांची स्थाने सांगत आहोत, महाराष्ट्र सांगत नाही, हे तिला ठाऊक आहे. दुर्गवर्णन मात्र शिबंदीचा माथा सांगते आणि देश सांगितल्याचा आव आणते.

या परंपरेची दुसरी गोष्ट अवशेषांच्या वाचनाला अधिक उपयोगी पडेल अशी आहे. 'लीळाचरित्र' आज जसे उपलब्ध आहे तसे ते म्हाइंभटांच्या हातचे नाही. मूळ प्रत खालशाच्या धाडीत गेली, असे संप्रदाय सांगतो. नंतर हिराइसा आणि इतरांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, आणि त्यातून वेगवेगळे पाठ निर्माण झाले. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ म्हणजे स्वतःच एक पडलेली आणि पुन्हा बांधलेली वास्तू आहे. बांधणाऱ्यांनी मात्र सांधे लपवले नाहीत. एखाद्या लीळेविषयी दोघांच्या आठवणी जुळत नसतील, तर दोन्ही ठेवल्या गेल्या, आणि त्यांना 'वासना' म्हटले गेले; अमक्याची वासना अशी, तमक्याची अशी. येथे वासना म्हणजे पाठभेद, पण शब्दाने सुचवलेला संस्काराचा, मनात उरलेल्या गंधाचा अर्थही त्यात आहे. पाठभेद हा प्रमाद आहे, तो काढून मूळ शुद्ध संहितेकडे जावे, हा आधुनिक पाठचिकित्सेचा आदर्श. वासना ही संकल्पना त्या आदर्शाला नम्रपणे बगल देते. आठवण ज्याची आहे त्याच्या नावानिशी ती टिकली पाहिजे, एवढाच तिचा आग्रह.

हा आग्रह देवगिरीवर किती निकडीचा आहे, हे महाकोटातील एका वास्तूपाशी कळते. विस्तीर्ण अंगण आणि खांबांची रांगच रांग असलेली ही मशीद सामान्यतः कुतुबुद्दीन मुबारक खलजीच्या १३१८च्या मोहिमेशी जोडली जाते. तिचे अनेक खांब आधीच्या देवळांचे आहेत. कोरीवकाम पाहणाऱ्याला ते सांगावे लागत नाही. १९४८ साली, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, तिच्या मिहराबात भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली, आणि वास्तू भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाऊ लागली. म्हणजे एका छपराखाली तीन वास्तू आहेत, आणि प्रत्येकीला आपल्या आधीची पुसून टाकायची होती, पण आधीच्या वास्तूचे खांब वापरल्यावाचून उभे राहता आले नाही. येथे येणारा प्रत्येक जण सहसा एकच वास्तू पाहून जातो. एकाला फोडलेले देऊळ दिसते, एकाला बदललेली मशीद, एकाला स्वातंत्र्याचा विजय. तिघांकडेही आपापला पुरावा आहे आणि तिघांचाही पुरावा दगडाचाच आहे.

समीक्षेने येथे काय करावे? तिन्ही अर्थ सारखेच खरे, सबब कोणताच अंतिम नाही, असे म्हणून हात झटकणे हा विरचनावादाचा सवंग उपयोग होय. आधी बांधलेले आणि नंतर मोडलेले यांत क्रम आहे, आणि बळ कोणी वापरले या प्रश्नाला उत्तर आहे. वासनेची पद्धती ही अर्थबहुलतेच्या उत्सवाहून वेगळी आहे ती येथेच. ती प्रत्येक पाठाला त्याच्या सांगणाऱ्याचे नाव लावते, सांगणारा तेथे का होता हे विचारते, आणि दोन पाठ विसंगत असतील तर त्यांची विसंगती तशीच उघडी ठेवते. एखाद्याची वासना दुसऱ्याच्या वासनेत विरघळवून गोड समन्वय करणे तिला मान्य नाही. देवगिरीवरील या वास्तूपुढे असा माहितीफलक लावणे कोणत्याही काळातील शासनाला अवघड गेले असते. साहित्याला ते अवघड जाण्याचे कारण नव्हते. तरी मराठी साहित्यात या वास्तूविषयी असे लेखन जवळपास दिसत नाही, ही उणीव केवळ विषयाच्या नाजूकपणाने समजावता येणार नाही. रूपबंधच एका स्वराचा असेल, तर तीन स्वरांची वास्तू त्यात मावत नाही.

गेओर्ग झिमेल याने १९०७च्या सुमारास अवशेषांवर लिहिलेल्या निबंधात मानवी संकल्प आणि निसर्गाचे ओढणे यांच्यातील तोल भग्न वास्तूत कसा प्रकटतो, याचे सुंदर विवेचन केले. माणसाने मोडलेली वास्तू त्याला अवशेष म्हणून तितकीशी पटत नाही. निसर्गाने मोडलेली हवी. या कसोटीवर देवगिरीचे कटक अवशेषच ठरत नाही. ते वेलींनी गिळले नाही. त्याचे दगड लोकांनी उचलून नेले, त्याच्या अंगणांत नांगर फिरला, आणि १६१०नंतर मलिक अंबरने जवळच खडकी वसवल्यावर वस्तीचा ओघ तिकडे वळला. शहर मेले नाही, ते सरकले. खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. देवगिरीचे उत्तरचरित्र त्या रस्त्यांवर वाचायचे असते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने आणि मराठवाडा विद्यापीठाने केलेल्या पुरातत्त्वीय शोधाचा म. श्री. माटे व टी. व्ही. पाथी यांनी संपादिलेला अहवाल १९९२ साली निघाला, आणि नगराच्या वस्तीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. परंतु त्याचा प्रतिध्वनी ललित लेखनात उमटला नाही. नांगरटीखालचे शहर हा मराठी ललित लेखनाला अजून न सापडलेला विषय आहे.

न सापडण्याची क्षमता नव्हती असे मात्र नाही. दांडेकरांचेच उदाहरण घ्यावे. त्यांच्या दुर्गभ्रमणात किल्ल्यावरचा माणूस बहुधा वाटाड्या, यजमान किंवा भूतकाळाचा अजाण राखणदार म्हणून येतो. पण त्यांच्या 'माचीवरला बुधा' या कादंबरीत मुंबईचे आयुष्य मागे टाकून राजमाचीच्या परिसरात परतणारा म्हातारा केंद्रस्थानी येतो, आणि किल्ला मागे सरतो. तेथे झाडे, जनावरे, पाणी, झोपडी हेच निवेदनाचे विषय होतात. बुरुजांना बुधाच्या दिवसात फारसे काम नसते. एकाच लेखकाच्या हातून, एकाच प्रकारच्या भूप्रदेशाविषयी, दोन परस्परविरोधी वाचने घडावीत याचा अर्थ स्पष्ट आहे : नजर लेखकाची जितकी असते तितकीच ती वाङ्मयप्रकाराची असते. कादंबरीत दांडेकरांना माची दिसली, कारण कादंबरीला राहणाऱ्या माणसावाचून चालत नाही. दुर्गवर्णनाला चालते.

देवगिरीवरही राहणाऱ्या माणसाची एक कथा मराठीत आहे, आणि ती कोणत्याही दुर्गवर्णनात नाही. ती संतचरित्रात आहे. सोळाव्या शतकात जनार्दनस्वामी या किल्ल्याचे अधिकारी होते, आणि पैठणचा एकनाथ त्यांच्या सेवेत येथे राहिला, असे परंपरा मानते. दर गुरुवारी गडावरचा कारभार बंद असे, असेही ती सांगते. दोनशे वर्षांपूर्वी इब्न बतूताने नोंदवलेला गायकांचा गुरुवार आणि दत्तोपासकाचा हा गुरुवार यांचा संबंध लावण्यास आधार नाही, पण एकाच जागेचा आठवडा दोन वेगळ्या संहितांत त्याच वारी थांबावा, हे वाचताना थबकायला होते. डोंगरावर जनार्दनस्वामींच्या पादुका आहेत. भाविक त्यांच्यासाठी चढतात. अंधारीतून, त्याच पायऱ्यांवरून. त्यांच्या लेखी वर जाणारी वाट भूतकाळात जात नाही, आणि दोन्ही बाजूंना जे आहे ते भग्न आहे की अभंग, याची चौकशी करण्याचे त्यांना प्रयोजन नसते.

महिपतीने घरोघर पोचवलेल्या कथांत एकनाथाच्या या वास्तव्यातले दोन प्रसंग आहेत. एकात स्वामी समाधीत असताना शत्रू चालून येतो, आणि शिष्य गुरूची शस्त्रे अंगावर चढवून लढतो. हा प्रसंग दुर्गवाङ्मयाला सोयीचा आहे. दुसरा प्रसंग हिशेबाचा. गडाच्या जमाखर्चात एका पैची चूक राहिलेली आहे. सगळे निजले आहेत, आणि तो तरुण कारकून दिव्याची वात पुढे सारीत पहाटेपर्यंत कीर्द उलटसुलट करीत बसला आहे. चूक सापडते तेव्हा तो आनंदाने टाळी वाजवतो, आणि स्वामी जागे होतात. वाङ्मयाच्या इतिहासात एवढ्या मोठ्या किल्ल्याला मिळालेला हा सर्वांत लहान प्रसंग असेल. त्यात तट नाही, तोफ नाही, साल नाही. एक माणूस बसलेला आहे, एवढेच आहे. पण तो कोणत्या खोलीत बसला होता, तिचे दार कोणत्या दिशेला होते, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.